निंबा नाना आणि जर्मन गाडीची पूर्ण गोष्ट

श्री. निंबा गोविंद देसले, म्हणजे आम्हा सगळ्यांचे निंबा नाना, यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. धुळ्याबाहेर महामार्गाला लागून असलेल्या त्यांच्या गॅरेजात एक जुनी जर्मन गाडी उभी होती आणि नाना तिच्याखाली पाठीवर आडवे झाले होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केला होता आणि उमेदवारीसाठी वडिलांबरोबर शिंदखेड्याहून आले होते. त्याआधी धुळ्यातल्या सहा गॅरेजांनी आम्हाला दारातूनच परत पाठवले होते. मुलगी हातात पाना घेऊन उभी राहिली तर गिऱ्हाईक काय म्हणेल, एवढेच सगळीकडे ऐकायला मिळत होते. वडील एसटीत वाहक होते. दिवसभर उभे राहण्याची सवय असलेला तो माणूस त्या दिवशी दुपारपर्यंत पार गळून गेला होता.

गाडीखालून आवाज आला, "कोन शे?"

वडिलांनी सगळे सांगितले. नाना बाहेर आले, हात पुसले, माझ्या प्रमाणपत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी इंजिन सुरू केले आणि मला म्हणाले, "पोरी, हाऊ आवाज तुले कसा लागस?"

मी बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "डाव्या बाजूला टिकटिक जास्त आहे. पण गाडी तापली की ती कमी होते आहे."

नानांनी इंजिन बंद केले. "सोमवारपासून ये," एवढेच म्हणाले. वडील तिथेच एका जुन्या टायरवर बसले आणि त्यांनी पाणी मागितले.

सोमवारी मी गेले तेव्हा गॅरेजच्या मागच्या बाजूला विटांची नवी खोली उभी राहत होती. कशासाठी, ते मला कळले नाही. आठवड्याने नानांच्या पत्नी, आमच्या अक्का, यांनी मला तिथे नेले. कपडे बदलायला आरसा, खुंटी, पाण्याची बादली आणि दाराला आतून भक्कम कडी. मी काही मागितले नव्हते. मागायचे असते हेही मला ठाऊक नव्हते. नानांनी त्या खोलीचा विषय तेव्हा काढला नाही आणि आजवर काढलेला नाही.

नानांच्या पंचाहत्तरीच्या गौरव ग्रंथासाठी समितीने मला त्यांच्या कार्यावर लिहायला सांगितले त्याला आता दोन महिने होत आले. जळगावच्या एका प्रशिक्षण संस्थेत मी गेली वीस वर्षे शिकवते आहे. तास, परीक्षा, अहवाल, बिघडलेली यंत्रे आणि त्यांच्या दुरुस्तीचे अर्ज यांतून घरी येते तेव्हा लेखणी उचलण्याइतके त्राण उरत नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. थकवा हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की नानांच्या हातातल्या कसबाबद्दल या ग्रंथात बरेच जण लिहितील आणि ते सारे खरेच असेल. परंतु मला त्यांच्याबद्दल जे सांगायचे आहे ते कसबाच्या पुढचे आहे, आणि ते सांगताना मलाही थोडे जड जाते.

तरी कसबापासूनच सुरुवात करते. नाना तरुणपणी मुंबईला एका कार्यशाळेत फिटर होते. तिथे जर्मनीतल्या एका जुन्या, नामांकित कंपनीच्या मोटारी दुरुस्तीला येत. दुरुस्तीची पुस्तके जर्मन भाषेत. नानांचे शिक्षण दहावीपर्यंतचे, पण त्यांनी रस्त्यावरून एक जुना शब्दकोश आणला आणि शब्दाला शब्द लावत ती पुस्तके वाचून काढली. पुढे वडील आजारी पडल्यामुळे ते धुळ्याला परतले ते कायमचे. इंदूर-मुंबई रस्त्यावर त्या कंपनीची गाडी बंद पडली की ट्रकवालेसुद्धा सांगत, धुळ्यापर्यंत ओढत न्या, तिथे नाना आहेत.

एकदा रावेरचे एक केळी बागायतदार आपली गाडी ट्रकवर लादून घेऊन आले. मोठ्या शहरातल्या कार्यशाळेने सगळा गिअरबॉक्स बदलावा लागेल असे त्यांना सांगितले होते. नानांनी दोन दिवस गाडीला हातच लावला नाही, नुसती पुढे-मागे चालवून पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांना गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या वायरींच्या एका जोडणीतून झिरपणारे तेल सापडले. बोटाएवढा तो भाग बदलला आणि गाडी चालू लागली. त्यानंतर रावेर-यावल पट्ट्यात नानांच्या शब्दाला मोठे वजन आले. नवी गाडी घेण्याआधी लोक त्यांना विचारायला येत. नाना उलट विचारत, "तुमच्या गावाचा रस्ता कसा आहे?" आणि रस्ता ऐकून निम्म्या लोकांना जीप घ्यायला सांगत. ज्यांना मात्र 'घ्या' म्हणत, त्यांना त्या कंपनीचे नाव ते अशा आवाजात सांगत, की देवळात आल्यासारखे वाटावे.

त्या कंपनीचा इतिहास नानांना तोंडपाठ होता. दर शनिवारी दुपारी चार वाजता काम थांबे, अक्का चहा पाठवत, आणि आम्ही शिकणारे सगळे टायरांवर बसून ती गोष्ट ऐकत असू. घोडागाड्यांच्या काळात एका हट्टी माणसाने तीन चाकांची मोटार कशी बनवली, लोक तिला कसे हसत, त्यामुळे तो माणूस खचून कसा घरात बसला. मग त्याच्या बायकोने नवऱ्याला न विचारता दोन मुलांना बरोबर घेतले आणि ती गाडी थेट माहेरी नेली. वाटेत इंधन संपले तर औषधाच्या दुकानातून मिळेल ते द्रव विकत घेतले, नळी तुंबली तर टोपीची टाचणी काढून साफ केली. इथे आले की नाना माझ्याकडे बोट दाखवत. "जगातली पहिली लांबची सफर एका बाईनं केली. पहिली दुरुस्ती पण तिनंच केली. ध्यानात ठेवा रे." त्या एका वाक्यावर मी गॅरेजातली पहिली दोन कठीण वर्षे काढली आहेत.

गोष्ट पुढे जाई. शर्यती, विक्रम, मोठमोठे कारखाने. मग नाना म्हणत, "नंतर युद्ध झालं. कारखान्यावर बॉम्ब पडले. सगळं राख झालं. आणि त्या राखेतून त्यांनी पुन्हा गाड्या बनवल्या." युद्धाच्या वर्षांना त्यांच्या गोष्टीत एवढीच तीन-चार वाक्ये होती. आम्हालाही त्यापेक्षा जास्त कधी हवे वाटले नाही.

मी उमेदवारी संपवून जळगावला नोकरीला लागल्यानंतरही सुट्टीत गॅरेजात जात असे. अशाच एका उन्हाळ्यात, दुपारी, एक भाड्याची साधी गाडी वाफ सोडत दारात येऊन थांबली. आत साठी ओलांडलेल्या एक परदेशी बाई, त्यांची मुलगी आणि इंदूरचा वाटाड्या होता. मांडू पाहून ते अजिंठ्याला निघाले होते. रेडिएटरची नळी फुटली होती, तासाभराचे काम. नानांनी बाईंना खुर्ची दिली, माठातले पाणी दिले. बाई युरोपातल्या आहेत हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. त्यांनी वाटाड्याला मध्ये घेतले आणि हिंदीतून आपली शनिवारची गोष्ट सांगायला सुरुवात केली. वाटाड्या ती इंग्रजीत सांगत होता. बाई शांतपणे ऐकत होत्या. पहिल्या लांबच्या सफरीपाशी त्या हसल्यासुद्धा.

नाना राखेपर्यंत आले तेव्हा बाई वाटाड्याला काहीतरी म्हणाल्या. वाटाड्या थोडा घुटमळला.

"क्या बोल रही हैं?" नानांनी विचारले.

"बोल रही हैं, उनकी माँ उसी कारख़ाने में थी. जंग के टाइम."

"अरे वा!" नाना म्हणाले. "कौनसे काम पे?"

वाटाड्याने विचारले, आणि या वेळी बाई बराच वेळ बोलल्या. त्यांची आई पोलंडमधली. सतरा वर्षांची असताना तिला गावातून उचलून, रेल्वेच्या बंद डब्यातून जर्मनीला नेले. कारखान्यालगतच्या कुंपणात ठेवले. विमानांच्या इंजिनांचे भाग घासायचे काम, सकाळी अंधार असताना सुरू होऊन अंधार पडल्यावर संपणारे. तिच्याबरोबरच्या दोघी तिथेच गेल्या. आई परत आली, तिने लग्न केले, मुले वाढवली, पण ती आयुष्यात कधी त्या कंपनीच्या गाडीत बसली नाही. हे सांगताना बाईंच्या आवाजात राग नव्हता. कंटाळलेले माणूस आपल्या दुखण्याविषयी जसे बोलते, तशा त्या बोलल्या. शेवटी त्यांनी पाण्याबद्दल नानांचे आभार मानले. नळी बसली होती. गाडी अजिंठ्याकडे निघून गेली.

नाना त्या खुर्चीशेजारी उभेच राहिले. मग मला म्हणाले, "सरला, मी तिला विचारलं, आई कोणत्या कामावर होती. वा म्हणालो मी."

पुढच्या शनिवारी चहा आला, पण गोष्ट झाली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. महिन्याभरानंतर नानांनी त्या कंपनीला जर्मन भाषेत एक पत्र लिहिले. शब्दकोश घेऊन चार दिवस त्यांचा तोच उद्योग चालला होता. पत्रात एकच प्रश्न होता: हे खरे आहे का? सहा-सात महिन्यांनी जाडजूड पाकीट आले. आत एक नम्र पत्र आणि एक पुस्तक होते. होय, खरे आहे, असे पत्रात लिहिले होते. कंपनीने स्वतःच इतिहासकारांकडून त्या वर्षांचा शोध घेऊन ते सारे केव्हाच छापले होते.

ते पुस्तक वाचायला नानांना दोन वर्षे लागली. त्यांचे डोळे तेव्हाच अधू होऊ लागले होते. मी एकदा म्हणाले, "नाना, आता पुरे करा. तुम्ही थोडंच हे केलंय?"

नाना म्हणाले, "त्यांनी उशिरा का होईना, सांगितलं. लपवून ठेवलं नाही. मी मात्र इतकी वर्षं अर्धीच गोष्ट सांगत बसलो. कधी विचारावंसं वाटलं नाही मला. आवडत होती ना गाडी."

गाड्यांची कामे त्यांनी सोडली नाहीत. गाडीवरचे प्रेमही कमी झाल्याचे मला दिसले नाही. पण ते प्रेम दमलेले झाले, एवढे खरे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी जळगावात त्या गाड्यांच्या मालकांचा मेळावा भरला. बाहेरगावच्या एका मोटार विक्रेत्याने तो आयोजित केला होता. नानांचा सत्कार होता आणि 'कंपनीचा गौरवशाली इतिहास' या विषयावर त्यांनी पंधरा मिनिटे बोलावे अशी विनंती होती. सभागृह भरलेले. मी दुसऱ्या रांगेत अक्कांच्या शेजारी बसले होते. शाल-श्रीफळ झाले, नाना उठले. तीन चाकांची गाडी, बायकोची सफर, शर्यती. लोक रंगले होते. मग नाना म्हणाले, "आता युद्धाची वर्षं. मी आजवर हे सांगत नव्हतो." त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचू लागले. कारखान्यात किती देशांतून माणसे धरून आणली, कशी ठेवली, त्यांना काय खायला दिले.

दोन मिनिटांतच सूत्रसंचालक हसतमुखाने पुढे आले. "नानांचा अभ्यास दांडगा आहे, पण वेळेची मर्यादा आहे. भोजन तयार आहे." माईक बाजूला सरकला होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक वयस्क मारवाडी कापडव्यापारी उठून उभे राहिले. त्यांची गाडी तीस वर्षे नानांकडेच येत होती. ते मोठ्याने म्हणाले, "बोलने दो उनको. पूरी बात सुनेंगे."

पण खुर्च्या सरकू लागल्या होत्या. नानांनी कागदाची घडी घातली, शेठजींना नमस्कार केला आणि खाली उतरले. जेवायला ते थांबले नाहीत. बाहेर पायरीवर बसून अक्कांना म्हणाले, "आजही अर्धीच राहिली."

त्या विक्रेत्याकडून नानांकडे जी कामे येत ती त्यानंतर बंद झाली. नानांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. पण आठवड्याभरात त्यांचा मला फोन आला. ज्यांना ज्यांना त्यांनी शनिवारची गोष्ट सांगितली होती, त्या सगळ्या शिष्यांची यादी त्यांनी केली होती. एकोणचाळीस जण. नाना म्हणाले, "सभेतल्या लोकांचं सोड. त्यांना मी काही शिकवलेलं नाही. यांना शिकवलंय."

"फोनवर सांगा ना," मी म्हणाले.

"फोनवर शिकवलं होतं का?"

त्या वेळी नानांचे वय त्रेसष्ट होते आणि गुडघे नुकतेच कुरकुरू लागले होते. पुढची काही वर्षे, सवड मिळेल तसे, ते एसटीने त्या एकेकाकडे गेले. जळगाव जिल्ह्यातल्या बऱ्याच ठिकाणी मी त्यांच्याबरोबर होते. आज मागे पाहताना त्या प्रवासात काही भव्य होते असे मला म्हणवत नाही. ऊन, धूळ, चुकलेल्या बस, आणि पोचल्यावर समोरच्या माणसाचा गोंधळलेला चेहरा. दीपनगरला आमचा रमेश वीजकेंद्राच्या वाहन विभागात होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसला होता. नानांनी त्याच्यासमोर बसून सगळे सांगितले. रमेशने घास हातात धरून ऐकले आणि मग म्हणाला, "नाना, हे सांगायला तुम्ही धुळ्याहून आलात? मी तर ती गोष्टच विसरलो होतो." आणि हसला. मनाने वाईट नाही तो. त्याने आग्रहाने आम्हाला जेवू घातले. परतीच्या बसमध्ये नाना भुसावळपर्यंत डोळे मिटून बसले होते. झोपलेले नव्हते. मी चिडून म्हणाले, "कशासाठी चाललंय हे? कुणाला काही फरक पडत नाही."

डोळे न उघडता नाना म्हणाले, "त्याला पडो न पडो. त्यानं विसरायचं ते पूर्ण तरी विसरावं."

शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात सुपडू राहतो. आमच्यातला सगळ्यात अबोल. ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्या दिवशी नानांना ताप होता, तरी ते निघाले. मी माहेरी आले होते म्हणून बरोबर गेले. सुपडूने आम्हाला बाजेवर बसवले. नाना त्याच्याशी नेहमी अहिराणीतच बोलत. म्हणाले, "सुपडू, मी तुले बठ्ठी गोट सांगाले उनू." आणि सगळी गोष्ट सांगू लागले. बंद डबे, कुंपण, सतरा वर्षांची पोर, तिच्याबरोबरच्या दोघी. सुपडू जमिनीकडे पाहत ऐकत होता. नानांचे सांगून झाले.

मग त्याने विचारले, "त्या लोकेसनं नाव शे का पुस्तकमा?"

नाना म्हणाले, काहींची आहेत. शोधून शोधून लिहिली आहेत.

सुपडू म्हणाला, "मना बाप तीस वरीस सालदार व्हता. मयाकडे राबना, बठ्ठं शेत त्यानीच उभं करं. त्यानं नाव कोठेच लिखेल नही."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी, आणि मया म्हणजे मळा. सुपडूचा बाप तसा होता हे नाना जाणत होते, मी जाणत नव्हते. चार वर्षे शेजारी बसून काम करूनही. नानांनी सुपडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "काय नाव व्हतं तुना बापनं?"

"उखा," सुपडू म्हणाला. आणि मग तो रडला. गॅरेजात बोटावर जॅक निसटला होता तेव्हाही न रडलेला तो माणूस त्या दुपारी बाजेच्या कडेला बसून रडला, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत बापाबद्दल बोलत राहिला. नाना तापाने फणफणलेले, पण उठले नाहीत. मी बसची वेळ झाली असे दोनदा सांगितले. त्यांनी दोन्ही वेळा हात करून मला गप्प केले.

त्या दिवसानंतर मी 'कशासाठी' असे पुन्हा विचारले नाही.

आज नाना पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आहेत. गॅरेज सकाळीच तेवढे उघडे असते. नव्या गाड्यांत संगणक इतका शिरला आहे की कानाने ऐकून दोष सांगणारा माणूस आता कुणाला लागत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि ते त्यांनी कुरकुर न करता मान्य केले आहे. शनिवारी चार वाजता कोणी आले तर ते अजूनही गोष्ट सांगतात. पहिल्यासारख्या रंगात सांगत नाहीत. मध्ये थांबतात, पाणी पितात. पण कुठेही उडी मारत नाहीत. माझ्या वर्गात दरवर्षी नवी मुले येतात आणि आता दोन-तीन मुलीही असतात. त्यांना मी ती टाचणीवाली बाई सांगते, आणि त्याच तासाला ती पोलंडची पोरही सांगते. दोघींना एकाच तासात बसवणे सोपे जात नाही. काही मुले कंटाळतात. मलाही कधी कधी थकून जायला होते. तरी सांगते, कारण तसे करणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे.

यादीतली सदतीस नावे पुरी झाली. दोन उरली आहेत. एक जण सुरतला असतो आणि दुसरा आखाती देशात असून दोन वर्षांतून एकदा नवापूरला येतो. मागच्या महिन्यात मी नानांना म्हणाले, "या दोघांकडे मी जाते. तुम्ही आता प्रवास करू नका."

नाना म्हणाले, "मी सांगेल व्हतं. मीच सांगसू." अर्धी गोष्ट त्यांनी सांगितली होती, पूर्णही तेच सांगणार.

म्हणून, आदरणीय नाना, या मंगल प्रसंगी आपल्या सर्व शिष्यांच्या वतीने माझे मागणे फार मोठे नाही. आपल्या गुडघ्यांना सुरतेपर्यंतच्या प्रवासाचे बळ असो. नवापूरचा आपला शिष्य घरी येईल तेव्हा आपली प्रकृती धडधाकट असो, आणि अक्का आपल्याबरोबर असोत. त्या दोघांना सांगून झाले की मग मात्र आपण विश्रांती घ्यावी. सकाळी उशिरा उठावे, दुपारी झोपावे, कोणत्याही गाडीचा आवाज ऐकू नये. आपण पुष्कळ दमला आहात. तो विसावा आपल्याला भरभरून मिळो, आणि तो उपभोगण्यासाठी आपल्याला खूप वर्षे लाभोत.